गावात कलागट उभा करताना: रंगाचा डबा उघडण्याआधीची आणि नंतरची कामं

आमचं पहिलं भित्तिचित्र चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर चित्रातल्या कापूस वेचणाऱ्या बाईच्या तोंडावर गोवऱ्यांच्या तीन रांगा. ओल्या, पाच बोटांच्या ठशांसकट. सरपंचांची परवानगी होती, शिक्का होता, उद्घाटनाला नारळही फुटला होता. त्या भिंतीवर रोज कोण काय करतं, एवढंच आम्ही कोणाला विचारलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी हात धुता धुता सांगितलं, "पोट्टेहो, चित्र चांगलं हाय. पण उन्हाची भित हे एकच हाय इकडं, मंग गवऱ्या कुठी थापाव?"

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. नागपूरला चित्रकला शिकलो, दिल्ली-मुंबईत सार्वजनिक जागांत काम करणाऱ्या कलासंस्था बघितल्या आणि तसंच काहीतरी घरी करू म्हणून परत आलो. हा लेख अशाच परत आलेल्या पोरापोरींसाठी आहे, आणि गावातच राहिलेल्या चित्रकला शिक्षकांसाठी, बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांसाठीही.

१. शहरातल्या संस्थांकडून काय उचलायचं

दिल्लीतली खोज ही संस्था १९९७ साली मोदीनगरच्या एका कार्यशाळेतून सुरू झाली. पुढे तिने खिडकी एक्स्टेंशनच्या दाटीवाटीच्या वस्तीत घर केलं. स्टार्ट इंडिया फाउंडेशन २०१४ पासून भिंती रंगवतंय. दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या रंगवलेल्या भिंती त्यांच्याच, आणि २०१७ साली मुंबईच्या ससून डॉकमध्ये, मासळीच्या वासात, त्यांनीच प्रदर्शन भरवलं. खोजकडून एकाच वस्तीत वर्षानुवर्षं टिकून राहणं शिका. स्टार्टकडून कामाची शिस्त शिका. पण लोधी कॉलनी ही सरकारी वसाहत आहे. तिथल्या भिंतींसाठी मोजक्या कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. आपल्याकडे एका गल्लीत वीस भिंती आणि चाळीस हिस्सेदार.

म्हणून मला जवळची वाटतात ती दुसरी दोन उदाहरणं. एक बस्तरमधलं. नवज्योत अल्ताफ या मुंबईच्या चित्रकार १९९७ पासून कोंडागावला जाऊन तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काम करू लागल्या. त्यांनी मिळून हातपंपांभोवतीचे ओटे नव्याने घडवले. तिकडे त्यांना 'नलपार' म्हणतात. घागर उचलताना बाईच्या कमरेला कमी त्रास व्हावा, असा विचार त्या ओट्यांच्या घडणीत होता, आणि ते शिल्पही होतं. मुलांनी एकत्र यावं म्हणून बांधलेल्या जागांना त्यांनी 'पिल्ला गुडी' नाव दिलं. दुसरं उदाहरण आपल्या वेशीवरचं, पारडसिंग्याचं ग्राम आर्ट प्रोजेक्ट. काटोलजवळचं अनसूया मातेचं पारडसिंगा वेगळं. हे सौंसर तालुक्यातलं, कागदोपत्री मध्य प्रदेशात. नागपूरच्या शिल्पकार श्वेता भट्टड आणि गावातल्या बाया मिळून देशी कापसाच्या सुताच्या, आत बी घातलेल्या राख्या करतात. तिथे एकदा जाऊन या. जाताना फोन करून जा, रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि 'आमच्याकडे येऊन एक कार्यशाळा घ्या' हे पहिल्याच भेटीत म्हणू नका.

आणखी एक. समकालीन कला म्हणजे भिंतीवरचं चित्र एवढंच नाही. रात्री पांढऱ्या धोतरावर गावाचे जुने फोटो दाखवणं, बंद पडलेल्या विहिरीची गोष्ट ज्याच्या त्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून तिथेच ऐकवणं, हेही त्यातच येतं. पण पहिल्या वर्षी लोक भिंतच मागतात. म्हणून पुढे भिंतीचंच जास्त लिहिलंय.

२. माणसं जमवा, नोंदणीची घाई करू नका

चार-पाच जण पुरे. त्यातला एक तरी चित्र न काढणारा असावा, हिशेब ठेवणारा. आमच्यात तो कृषी केंद्रात बसणारा मित्र होता आणि आजवर आमचे हिशेब चुकले नाहीत ते त्याच्यामुळे. गावातला बोर्ड पेंटर असेल तर त्याला मदतनीस म्हणून नाही, बरोबरीचा म्हणून घ्या. कला महाविद्यालयात पाच वर्षं घालवून मला जमत नाही तशी सरळ रेघ तो शिडीवर उभा राहून मारतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत असाल तर नाटकांचं नेपथ्य करणारे लोक वडशाच्या आसपास सापडतात. मोठ्या मापाचं काम त्यांच्या हातात मुरलेलं आहे.

पहिलं वर्ष संस्थेविना काढा. एखादं वाचनालय, युवक मंडळ किंवा महिला बचत गट सोबत घ्या आणि त्यांच्या लेटरहेडवर पत्रव्यवहार करा. सापळा असा: गणेश मंडळाच्या नावावर काम केलं की पुढच्या निवडणुकीत ते चित्र मंडळाच्या अध्यक्षाचं होतं.

३. वही घेऊन गाव फिरा

पंधरा दिवस. सकाळी सहाला एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. प्रत्येक जागेसमोर चार गोष्टी लिहा: इथे कोण बसतं, कोण बसत नाही, भिंतीचा उपयोग काय, आणि उन्हं कधी येतात.

'कोण बसत नाही' हा रकाना विसरू नका. मारुतीच्या पारावर गावातल्या सगळ्या आळ्या बसत नाहीत, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. माहीत असूनही आपण पहिलं चित्र पारासमोरच काढतो, कारण जागा मोक्याची असते. मग चित्र कितीही समतेचं असो, अर्धं गाव ते लांबूनच बघतं. बौद्ध विहाराची भिंत त्यांच्याशी न बोलता 'समावेशक' म्हणून निवडणं हीही तीच चूक, उलट बाजूने. पहिल्या कामासाठी सगळ्यांचे पाय वळतात अशी जागा घ्या: एसटीचा थांबा, पाण्याची टाकी, रेशन दुकान, दळणाची गिरणी. आमचं दुसरं चित्र गिरणीच्या भिंतीवर झालं. दळण होईपर्यंत बायांना अर्धा तास तिथे उभं राहावंच लागतं. काय काढायचं ते त्या रांगेतच ठरलं. आम्ही ट्रॅक्टर काढणार होतो. त्या म्हणाल्या जातं काढा, आणि जात्याशी बसलेल्या दोघी काढा, एकटी नको.

४. भिंत कोणाची, ते कागदावर बघा

'आपलीच आहे, काढा बिनधास्त' या वाक्यावर कधीही रंग उघडू नका. ग्रामपंचायतीतून त्या मालमत्तेचा नमुना ८ चा उतारा घ्या. त्यावर मालमत्ता क्रमांक आणि नाव असतं. नाव वारलेल्या आजोबांचं निघालं, म्हणजे दोन-तीन भाऊ हिस्सेदार आहेत असं समजा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. नागपूरला किंवा पुण्याला राहणारा भाऊ दिवाळीत येतो आणि नेमका तोच चिडतो.

सरकारी भिंतींचं थोडक्यात:
- जिल्हा परिषद शाळा: मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहितीचं पत्र.
- अंगणवाडी: सेविकेशी आधी बोला, मग पर्यवेक्षिकेकडे अर्ज.
- एसटी स्थानक: आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या. तो पुढे विभागीय कार्यालयात जातो, म्हणून दोन महिने हातात ठेवा.
- रस्त्याकडेची संरक्षक भिंत, पूल: रस्ता बांधकाम विभागाचा की जिल्हा परिषदेचा, ते आधी विचारा.

विनापरवाना रंगवलंत तर महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ लागू शकतो. चित्र सुंदर होतं, हा बचाव तिथे चालत नाही.

५. ग्रामसभेत विषय मांडा

एकट्या सरपंचांची परवानगी ही आमची पहिली चूक होती. सरपंच बदलतात, आणि विरोधी गटाला चित्रात त्यांचाच चेहरा दिसू लागतो. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास ग्रामसभा भरते, नेमकी तारीख ग्रामपंचायतीत विचारा. अर्ज किमान दोन आठवडे आधी द्या आणि विषयपत्रिकेवर तुमचा विषय आला का ते बघा. 'ऐनवेळच्या विषयात घेऊन टाकू' असं गोड बोलून सांगतील. ऐकू नका. ऐनवेळच्या ठरावावर नंतर कोणीही बोट ठेवू शकतो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती न झाल्याने सभा तहकूब झाली, तर तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून निराश होऊन घरी बसू नका, पुढच्या तारखेला जा.

ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथे जाऊन बोला, म्हणजे तुमच्यातल्या मुलींना पाठवा. गोवऱ्यांचा प्रश्न तिथे पाच मिनिटांत सुटला असता.

ठरावात एवढं यायलाच हवं:
- मालमत्ता क्रमांक आणि भिंतीचं माप
- चित्राचं कच्चं रेखाटन (अर्जाला जोडलेलं)
- चित्र किती वर्षं राहील
- डागडुजी कोण करेल आणि पुसायचं झालं तर आधी कोणाला कळवायचं

ठरावाची शिक्क्यासह प्रत त्याच आठवड्यात हातात घ्या. महिन्याने मागायला गेलात तर इतिवृत्त 'लिहायचं राहिलंय' असतं.

गडचिरोलीत किंवा मेळघाटात पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावात काम करणार असाल तर तिथली ग्रामसभा जास्त ताकदीची आहे. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्याला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला हे आपण ऐकतो. पण तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, हे तिथे जाऊन बसलं की समजतं. तुमचा प्रस्ताव तीन सभा चालेल. चालू द्या.

एक गंमत सांगतो. एका शाळेच्या भिंतीवर आम्ही तळं काढलं, तळ्यात कमळं काढली. आचारसंहिता लागली आणि शिक्षकांना ती कमळं कागद चिकटवून झाकावी लागली. नंतर कागद ओरबाडून काढताना रंग निघाला. तेव्हापासून रेखाटन झालं की आम्ही यादी घेऊन बसतो: कमळ, पंजा, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, इंजिन, हत्ती. सायकलसुद्धा. गावात कोणी सायकलवर उभा राहिला होता का, ते विचारून घ्यायचं.

६. हंगाम बघून तारीख ठरवा

कापूसपट्ट्यात दिवाळीपासून वेचणी असते, पुढे तुरी निघतात. त्या काळात गावात दिवसा म्हातारी माणसं आणि कुत्री. संक्रांतीनंतर होळीपर्यंतचा काळ बरा, फक्त दहावी-बारावीची परीक्षा सांभाळा. धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडया (गावजत्रा) आणि रात्रभर नाटकं असतात. सकाळच्या कार्यशाळेला कोणी येणार नाही, संध्याकाळची ठेवा. मे महिन्यात काम करायचंच असेल तर पहाटे साडेपाच ते दहा. तापलेल्या भिंतीवर रंग कुंचल्यातच सुकतो आणि फटकारा ओढताना त्याचे तुकडे निघतात.

७. भिंत तयार करणं, रंग, हत्यारं

नवा गिलावा २८ दिवस पाणी पिऊन सुकल्याशिवाय हात लावू नका. जुन्या भिंतीला ओल आहे का, ते बघायची सोपी युक्ती: हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे. लोणा धरलेली भिंत घेऊच नका. तारेच्या ब्रशने घासली तरी पुढच्या पावसात पांढरी भुकटी रंगाला आतून ढकलते.

मातीच्या, पोतारा दिलेल्या भिंतीवर इमल्शन लावू नका. तिला श्वास लागतो. रंगाची चामडी तयार होते आणि ती मातीचा थर घेऊन खाली येते. तिथे गेरू, पांढरी माती, काजळी आणि थोडा डिंक. दरवर्षी पोळ्याआधी घरच्या बाया सारवतील तेव्हा चित्र जाईल, पुन्हा काढायचं. त्या भिंतीची रीतच ती आहे, तिच्याशी भांडू नका.

सिमेंटच्या १० बाय २० फुटांच्या भिंतीसाठी, म्हणजे २०० चौरस फुटांसाठी, आमचा अंदाज असा: बाहेरच्या भिंतीचा प्रायमर २ लिटर, पांढरं बाहेरचं इमल्शन ४ लिटर. खरखरीत गिलाव्यावर दोन हातांना एक लिटर ५० ते ६० चौरस फुटांपलीकडे जात नाही. तयार रंगीत डबे घेण्यापेक्षा पांढऱ्यात स्टेनर (छोट्या बाटलीतला दाट रंग) मिसळा. पण गडद रंग पांढऱ्यातून येत नाहीत, म्हणून काळा आणि तपकिरी तयार घ्या. भडक लाल आणि पिवळा आपल्या उन्हात आधी उडतो. गेरूच्या जातीचे रंग, म्हणजे हिरमंजी किंवा पिवळी माती, टिकतात. डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण तो घरातला रंग आहे.

खालचा दीड फूट चित्राला देऊ नका. पावसाचा चिखल तिथेच उडतो आणि गुरं तिथेच अंग घासतात. तो पट्टा गडद ठेवा.

सोबत हवं ते:
- तारेचा ब्रश, खरवडणी, पॉलिश पेपर
- १ ते ४ इंची ब्रश, दोन रोलर, जुन्या रंगाच्या रिकाम्या बादल्या
- आखणीसाठी सुतळी आणि नीळ. दोघांनी ताणून धरायची, मधून झटका द्यायचा, सरळ रेघ उमटते.
- चौकटी आखलेलं रेखाटन, झेरॉक्सच्या चार प्रती (एक वाऱ्याने जातेच)
- लाकडी घोडी किंवा बांबूची परांची. भिंतीजवळून विजेची तार जात असेल तर लाइनमनला विचारल्याशिवाय शिडी उभी करू नका.
- पाण्याचा माठ, टोप्या, आणि लहान मुलांसाठी वेगळा पांढरा कागद, नाहीतर ती भिंतीकडेच येतात

८. पैसा

पहिलं काम वर्गणीतून करा, पण वर्गणीदारांची नावं भिंतीवर टाकायचं कबूल करू नका. आमच्या एका चित्राखाली नावांची यादीच चित्रापेक्षा मोठी झाली होती. गावातल्या बायांना किंवा मजुरांना कामावर बोलावलं तर त्या दिवसाची चालू रोजी द्या. 'कलेसाठी' कोणाची मजुरी बुडवू नका.

नंतरच्या कामासाठी बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ सालची संस्था बघा. तिथे अर्ज मराठीतही करता येतो. हे आम्हाला दोन वर्षं माहीत नव्हतं आणि आम्ही तोडक्यामोडक्या इंग्रजीत अर्ज लिहीत बसलो होतो. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र लोककलावंतांसाठी कार्यक्रम घेतं, तिथे ओळख ठेवा. १८ ते २५ वयाचे असाल तर केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती बघा.

कंपन्यांच्या सामाजिक निधीतून (सीएसआर) पैसे मिळू शकतात, पण ते नोंदणीकृत संस्थेलाच, आणि त्यासाठी सीएसआर-१ नोंदणी लागते. बोलणी सुरू होतानाच लोगोचं माप ठरवून घ्या. खाणीच्या धुळीवर चित्र काढायचं असेल तर खाणीचा पैसा घेऊ नये असं माझं मत. आमच्यातल्या दोघांचं मत वेगळं आहे आणि तो वाद अजून चालू आहे.

९. नोंदणी

दोन-तीन कामं झाली, माणसं टिकली, की मग. सोसायटी म्हणून नोंदणीला किमान सात सदस्य लागतात (संस्था नोंदणी अधिनियम, १८६०). महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी होते. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात.

कागद:
- सातही जणांचं आधार, पॅन, फोटो
- कार्यालयाच्या जागेचं वीजबिल आणि मालकाचं संमतीपत्र
- ज्ञापन (संस्थेचे उद्देश) आणि नियमावली
- पहिल्या सभेचं इतिवृत्त, प्रतिज्ञापत्र
- संस्थेच्या नावाचे दोन-तीन पर्याय. नावात 'राष्ट्रीय' किंवा 'भारत सरकार'चा वास येईल असं काही नको.

सापळे तीन. एक, सात सह्या पूर्ण करायला काकांना, मेहुण्यांना घालू नका. पुढे विश्वस्त बदलायचा तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो आणि रुसलेल्या मेहुण्याची सही मिळत नाही. दोन, उद्देशांत 'कला' एवढंच लिहू नका. सार्वजनिक जागा, शिक्षण, लोककला, पर्यावरण, सगळं नीट लिहा. बाहेर 'सगळं करून देतो' म्हणणारे छापील नमुना चिकटवतात. आमच्या मसुद्यात गोशाळा आणि पतपुरवठाही होता. तीन, वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल चुकवू नका, काम झालं नसलं तरी.

पॅन संस्थेच्या नावाने काढा, बँक खातं दोन सह्यांचं ठेवा. परदेशी नागरिक असलेल्या मित्राने पाठवलेले पाच हजारही संस्थेच्या खात्यावर घेऊ नका. त्यासाठी एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि ती साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात उद्दिष्टांवर किमान १५ लाखांचा खर्च दाखवल्यावरच मिळते.

१०. चित्र झाल्यावर

फोटो काढा: आधी, मध्ये, नंतर, आणि वर्षाने त्याच जागी उभं राहून. लोकांचे फोटो वापरण्याआधी विचारा. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारा.

चित्रावर मालकीहक्क कोणाचा, तेही लिहून ठेवा. भिंत मालकाची असली तरी चित्रावर चित्रकाराचा काही हक्क उरतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकलं गेलं, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ५ लाख रुपये भरपाई आणि उरलेले अवशेष परत द्यायला लावले. गावात कोणी कोर्टात जाणार नाही, जाऊही नये. पण 'पुसण्याआधी एक फोन' ही ओळ ठरावात घालताना हे उदाहरण उपयोगी पडतं. आमच्या ग्रामसभेत ते ऐकून एक आबाजी म्हणाले, "मंग गवऱ्यावालीले पाच लाख मागता का तुमी?" सभा हसली आणि ठराव झाला.

शाळेच्या भिंतीवर चित्र असेल तर शेवटचं काम जानेवारीत. प्रजासत्ताक दिनाआधी शाळांना रंग मारतात आणि रंगारी बाहेरगावचा असतो, त्याला काही माहीत नसतं. १० तारखेच्या आत मुख्याध्यापकांना फोन करा, आणि जमलं तर रंगारी येईल त्या दिवशी आपल्यातला एक जण तिथे चहाची किटली घेऊन हजर ठेवा.